शेंडेफळाची छत्री

काटकसर आणि कंजूषपणा यांच्यामध्ये पक्की भिंत आहे असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते तिथे नुसता एक पडदा आहे, आणि जून महिना आला की तो हमखास सरकतो. घरात शाळेला जाणारे एकच मूल असेल तर त्याची खरेदी एका संध्याकाळीही आटोपते. पण मुले चार-पाच झाली, की पावसाच्या आधी घरात याद्याच कोसळू लागतात!

आमच्या घरी अशा सात याद्या असत. १९९० च्या सुमाराची गोष्ट. पुण्यात दोन भावांचे कुटुंब एकाच चुलीवर, आणि आम्ही सख्खी-चुलत मिळून सात भावंडे एकाच वेळी शाळेत. मी पाचवा. दोन पगारांत सात दप्तरे भरण्याचे खाते काकूकडे होते.

दुकानाची पायरी चढण्याआधी घरातला माळा रिकामा करायचा, हा काकूचा पहिला नियम. परीक्षा संपली, की सगळ्या वह्या जमिनीवर येत. त्यांतली कोरी पाने काढून, दाभणाने भोके पाडून ती जाड दोऱ्याने शिवली, की वर्षभराच्या कच्च्या कामाची सोय झाली. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचे गुळगुळीत कागद पुस्तकांच्या कव्हरांसाठी राखून ठेवलेले असत. कर्कटक तर आमच्याकडे इस्टेटीसारखे वारशानेच येई. एवढे झाल्यावर जे उरेल तेवढ्याचीच यादी करायची आणि वह्या डझनांच्या हिशेबाने घ्यायच्या.

गणवेश नेहमी वाढत्या अंगाचा शिवायचा. दर जूनमध्ये खालची दुमड थोडी उसवली, की न विटलेल्या कापडाचा एक गडद पट्टा बाहेर येई. झाडाचे वय खोडातल्या वलयांवरून ओळखतात म्हणे. आमच्या गणवेशांचे वय या पट्ट्यांवरून ओळखता येत असे!

पुस्तकांचे शास्त्र मात्र निराळे. थोरल्याचे पुस्तक धाकट्याला चालते ते अभ्यासक्रम तोच असेपर्यंत. तो बदलला, की काल जपलेले पुस्तक आज रद्दी होते. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके विकायला गेलेल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही. बालभारतीने २०२३ साली काही इयत्तांच्या पुस्तकांतच कोरी पाने घातली होती. दप्तराचे ओझे हलके व्हावे, हा हेतू चांगलाच. पण मुलाने त्या पानांवर लिहिले, की पुस्तक कायमचे त्याचेच झाले. धाकट्याच्या हाती ते कसे द्यायचे? २०२५ मध्ये ती पाने बंद झाली. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटीही शून्यावर आला. मोठ्या कुटुंबांना तेवढाच दिलासा!

पण हा सगळा जमाखर्च मांडताना एक रकाना बहुधा कोरा राहतो. वाचवलेला पैसा दिसतो. तो कोणाच्या वाट्याचा वाचला हे दिसत नाही. एका जूनमध्ये आमची सर्वांत धाकटी चुलत बहीण आपले पुस्तक घेऊन काकूपुढे उभी राहिली. पहिल्या पानावर एकाखाली एक चार नावे, चारही खोडलेली. तिने अगदी साधेपणाने विचारले, "आई, यात माझं नाव कुठं लिहू?"

काकू काहीच बोलली नाही. संध्याकाळी तिने दादाला जवळ बोलावले. त्या वर्षी नवे दप्तर त्याला मिळायचे होते. तिने त्याला काय सांगितले ते आम्हांला कळले नाही. पण दादाने जुन्याच दप्तराचा बंद शिवून घेतला आणि धाकटीला नवी कोरी छत्री आली. तिच्यावर छत्रीवाल्याकडून पांढऱ्या रंगात ठसठशीत नाव घालून आणले होते. पाऊस नसतानासुद्धा ती छत्री उघडून धाकटी गल्लीतून दोनदा फिरून आली.

तेव्हापासून काकूच्या कारभारात आणखी एक कलम आले. दरवर्षी प्रत्येकाला एक तरी वस्तू नवी मिळायची आणि ती निवडण्याचा पहिला मान शेंडेफळाचा. थोरल्यांना याचा थोडा रागही येई. पण वर्षानुवर्षे नव्या गोष्टी आपल्याच अंगावरून खाली उतरत गेल्या आहेत, हे त्यांना नाकारता येत नसे.

काटकसर करावीच. उसवावे, शिवावे, घासाघीसही करावी. मात्र अनेक मुलांच्या घरातली यादी थोरल्यापासून खाली लिहीत आणण्याऐवजी धाकट्यापासून वर लिहीत न्यावी. बेरीज एखाद्या छत्रीएवढी वाढेल. पण काटकसरीचा पडदा जागच्या जागी राहील.