परदेशची आजी

जानेफळ–मेहकर रस्त्यावर बाबा काळीपिवळी जीप चालवतात. माझी फी तिच्याच भाड्यातून भरली जाते. ५० वर्षांहून जुनी वाहने परदेशातून आणायला २०२५ पासून परवाना लागत नाही, असे वाचले. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप कुणी हौशी अमेरिकेहून खुशाल आणील! स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीजचेच सुटे भाग जोडून जीप उभ्या केल्या. त्या नात्याने ती आमच्या जीपची आजीच. बाबांना सांगितले, तर म्हणाले, "पोरा, त्याइची गाडी उभी राह्यली तं शोभा, आपली उभी राह्यली तं चूल इझते." आजी खुशाल दिवाणखान्यात मिरवो, मित्रहो! आमच्या घरातला पहिला पदवीधर या खिळखिळ्या नातीच्या मागच्या बाकावरच घडतो आहे.