चहा करणारीनं बसून प्यावा

ईट, ता. भूम, जि. धाराशिव

चि. मीनल हिस,


आईला मुंबईला बोलावून ताजमहाल हॉटेलच्या सी लाउंजमध्ये दुपारच्या चहाला न्यायचं तुझ्या मनात आहे आणि घरातल्या मंडळींना ती उधळपट्टी वाटते, असं तू लिहिलंस. माझं मत विचारलंस म्हणून सविस्तर लिहितो. तू तिला न्यावंस. ताजचा थाट हे त्याचं कारण नाही. चहा कुणी करायचा आणि निवांत बसून कुणी प्यायचा, याची जी वाटणी आपल्या घरांत ठरून गेली आहे, ती निदान एका दुपारी मोडते, म्हणून न्यावंस.

आपल्या भागातल्या कुठल्याही गावचं स्टँडवरचं हॉटेल डोळ्यांसमोर आण. पेपर चाळत, तासभर गप्पा मारत बाकावर बसलेले बहुतेक सगळे पुरुष. बाई बाजाराला आली, एसटीसाठी ताटकळली, तरी त्या बाकावर एकटी टेकत नाही. भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो. त्यामागची धार, वैरण, शेण यांतलं कितीतरी काम बायकांच्या अंगावर असतं. पण त्या दुधाचा चहा बहुतेकींना सगळ्यांचा झाल्यावर, ओट्यापाशी उभ्यानंच मिळतो. मुलगी बघायला पाहुणे आले की ट्रे तिच्याच हाती. घरात दिवसाकाठी इतक्यांदा चहा होतो, पण तिच्यासाठी तो काम असतो, विसावा नसतो.

दुपारच्या चहाचा इतिहास मात्र नेमका बायकांच्या बसण्याचा आहे. 1840च्या सुमारास इंग्लंडमध्ये बेडफर्डची डचेस ॲना हिनं ही रीत पाडली असं सांगतात. रात्रीचं जेवण उशिरा व्हायचं, मधल्या वेळी पोटात खड्डा पडायचा. म्हणून चहा, पाव-लोणी, केक आणि सोबतीला मैत्रिणी. डचेसला काय, नोकरचाकर होते. खरा बदल पुढं झाला. लंडनमध्ये 1864 साली एरेटेड ब्रेड कंपनीनं चहाची दुकानं उघडायला सुरुवात केली, 1894मध्ये लायन्सचं पहिलं दुकान आलं, आणि साध्या नोकरदार बाईला पुरुषाच्या सोबतीशिवाय, बदनामीची धास्ती न बाळगता बसता येईल अशी जागा शहरात झाली. मताचा हक्क मागणाऱ्या बायकांच्या बैठकाही अशा चहाच्या दुकानांत होत. एक खुर्ची मिळाल्यानं किती फरक पडतो, ते यावरून कळतं.

हे सगळं इंग्रजांचं, आपण का मिरवायचं, असा आक्षेप येईल. पण ताज जमशेटजी टाटांनी बांधवलं. त्याचा आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा, काम पुरं केलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. 16 डिसेंबर 1903 रोजी ते उघडलं, तेव्हा समोर गेटवे ऑफ इंडिया नव्हता, तो 1924चा. आणि त्याच 1903 साली सरकारनं निर्यातीच्या चहावर उपकर बसवला. त्या पैशातून चहाचा प्रचार झाला, पुढं हिंदुस्थानातल्या लोकांना चहाची सवय लावण्यासाठीही तो खर्च झाला. म्हणजे आपल्या घरचा चहासुद्धा शिकवलेलाच आहे. आपण त्यात आलं घातलं, दूध-साखर घालून तो उकळला आणि आपला केला. सी लाउंजचंही तसंच. तिथं स्कोनच्या शेजारी भेळ मिळते, आणि मुंबईतल्या कित्येक घरांनी मुलगा-मुलगी बघण्याचे कार्यक्रम तिथल्या टेबलांवर उरकले. तिथं मुलीच्या हाती ट्रे नसतो, तीही समोर बसलेली असते. मला हे फार मोलाचं वाटतं.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. दोघींचं बिल काही हजारांत जाईल, आणि कर्ज काढून किंवा दर महिन्याला हे करू नये. पण लग्नात डीजेवर एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट उडतात, तेव्हा कुणी हिशेब मागत नाही. बाईच्या दोन तासांच्या निवांतपणावर खर्च झाला की मात्र तो लगेच डोळ्यावर येतो.

याहून जड आक्षेप मळ्यांचा आहे. चहाची पानं खुडणाऱ्या बहुतेक बायकाच आहेत आणि त्यांची मजुरी फार थोडी आहे. पण भारतात पिकणारा बराचसा चहा भारतातच प्यायला जातो, त्यामुळं ते ओझं आपल्या रोजच्या कपावरही तितकंच आहे. ताजला न जाऊन ते उतरत नाही. मग आईला वाढणारं दुसरं कुणी राबतंच ना, असंही कुणी म्हणेल. राबतं, पण ठरल्या वेळेत, पगार घेऊन. घरातल्या कामाला ना वेळ ना मोबदला. आणि ताजमध्ये वाढणारे कोण, तेही लक्षात ठेव: नोव्हेंबर 2008च्या दहशतवादी हल्ल्यात तिथल्या कर्मचाऱ्यांनी जीव धोक्यात घालून पाहुण्यांना बाहेर काढलं, काहींनी प्राण दिले. त्यांच्याशी अदबीनं बोलावं.

‘घरीच बसवून दे की चहा,’ हे म्हणणं मला पटतं, ते रोज करावंच. फक्त घरी ती दोन मिनिटांत उठते. कुणाला साखर कमी, कुणाचं दूध उतू चाललेलं. तिथं उठायला कारणच नसतं.

आधी फोन करून टेबल राखून ठेव, जमल्यास समुद्राकडच्या खिडकीपाशी मिळेल का ते विचार. आईनं नेहमीचं चांगलं लुगडं नेसावं, नवं काही घेऊ नये. दार्जिलिंगचा चहा आधी बिनदुधाचा चाखू दे, नाही आवडला तर दूध-साखर मागा, त्यात कमीपणा नाही. बिल तिला दाखवू नकोस. आणि हे पुढच्या वर्षावर ढकलू नकोस, दिवाळीआधीच ने.

तुझा,
मामा