पत्री कोणत्या पाण्यात फेकावी?

दिवाळीला शहरातली मुले गावी येतात, तेव्हा फटाक्यांबरोबर हल्ली आणखी एक वस्तू येते. रीळ लावलेली काठी आणि तंगुसाच्या टोकाला चमकणारी पत्री! तिला स्पिनर म्हणतात. गांडूळ नको, कणकेची गोळी नको. ओढली की ती पाण्यात गरगर फिरते आणि मरळीसारखा शिकारी मासा तिला पळणारी मासोळी समजून झडप घालतो. रोहू-मृगळ मात्र सहसा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

पण पत्री कितीही महागाची असली तरी पाणी चुकले तर हात हलवीत परत यावे लागते. आपली पूर्णा काळ्या मातीतून वाहते. पावसाळाभर पाणी चहासारखे. त्यात चमकणार काय? म्हणून पोळ्याला घाई करू नये. पाणी निवळू द्यावे. कोपरापर्यंत हात बुडवून पाहावा, बोटे दिसली तर पत्री फेकावी.

आमच्या गावचे म्हातारे भोईकाका सांगतात, "धारेतबी नाई अन् डोहातबी नाई, दोघायच्या मंधात टाक, बापू." त्यांनी रीळ कधी हातात धरले नाही, पण बोलणे सोळा आणे खरे. धार किडे, लहान मासे वाहून आणते. मोठा मासा शेजारच्या संथ पाण्यात, खडकाच्या आडोशाने, ताकद न घालवता वाट पाहतो. तंगूस धारेला आडवा ओढावा. पत्री फिरत असली की काठीला बारीक थरथर लागते. थरथर थांबली तर शेवाळ अडकले समजा.

उन्हाळ्यात डोह आटतात, तेव्हा पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडतात, कारण पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. मरळ वरची हवा घेऊन तग धरते. तिथे मासा सोपा सापडतो, पण मला काही तो धरवत नाही. तसेच पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्ले थव्याने फिरतात, आईबाप खाली राखणीला असतात. तेव्हा पत्री घरीच बरी.

मेळघाटात 1974 पासून व्याघ्रप्रकल्प आहे. सिपनेचे पाणी कितीही मोहात पाडो, काठी तिकडे नेऊच नये. धरणात, तलावात मासेमारीचा ठेका बहुधा भोई बांधवांच्या संस्थेकडे असतो. आधी त्यांना विचारावे.

एक पाणी मात्र मी मुलाला साफ मना केले आहे. वरून आरशासारखे, धार नि डोह अगदी हवे तसे. पण तिथली रेती ट्रॅक्टरने उपसून नेली आहे. घोट्याएवढ्या पाण्यातून पुढचे पाऊल टाकले की पुरुषभर खड्डा! माझ्या पुतण्याला आम्ही तिथून केसांना धरून ओढून काढला. आता काठावर बाभळीची फांदी रोवतो. पुरात ती वाहून जाते, पाणी ओसरले की पुन्हा रोवतो.