पूर्वदाखला

सरकारी कचेरीत कोणताही नवा प्रश्न उपस्थित झाला की पहिली पृच्छा एकच असते : "यापूर्वी असे कधी झाले आहे काय?" दिल्लीतील माझ्या नोकरीची दहा वर्षे या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेली. फायली आता संगणकाच्या पडद्यावर आल्या आहेत; पण पूर्वदाखल्याची महती तिळमात्र उणावलेली नाही. त्यामुळे हळदीच्या पेटंटची हकीकत प्रथम वाचली तेव्हा तीत मला शास्त्रज्ञांइतकाच आम्हा कारकुनांचाही विजय दिसला.

१९९५ साली अमेरिकेच्या पेटंट कचेरीने जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली, तेव्हा तिचे प्रमुख होते गोव्यातील माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर. परंतु "आमच्याकडे हे घरोघर ठाऊक आहे" एवढे म्हणून भागणारे नव्हते. आजीबाईच्या तोंडचा शब्द तेथे पुरावा ठरत नव्हता. लिखित आधार हवे होते. जुन्या ग्रंथांपासून १९५३ सालच्या एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखापर्यंत ३२ संदर्भ परिषदेने पुढे ठेवले आणि १९९७ साली त्या पेटंटातील सर्व दावे फेटाळले गेले.

ही हकीकत मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती मधुमेही आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या टाचेला झालेली जखम काही केल्या भरेना. डॉक्टरांनी रोज स्वच्छ पट्टी बांधावयास सांगितले होते. आईला मात्र पट्टी काढून, हळद दाबून, जखम वाळू द्यावयाची होती. माझी गोष्ट ऐकताच ती म्हणाली, "बघ, अमेरिकेनंसुद्धा कबूल केलं. आण आता हळद!"

आली पंचाईत! त्या निकालाने हळद गुणकारी ठरली नव्हती. ती केवळ जुनी ठरली होती. जुने असणे निराळे आणि खरे असणे निराळे. पूर्वी असे झाले होते, एवढेच पूर्वदाखला सांगतो. ते योग्य झाले की अयोग्य, याविषयी तो मुका असतो. कचेरीत या भेदाने फार तर एखादा प्रस्ताव अडतो. येथे प्रश्न आईच्या पायाचा होता.

जखम वाळू द्यावी हाही तसाच जुना समज. १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या अंगावरील उथळ जखमा काही उघड्या ठेवल्या, काही पातळ प्लॅस्टिकने झाकल्या. झाकलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. त्वचेच्या पेशी कडेकडून सरकत जखम झाकतात. ओलाव्यावरून त्या सहज सरकतात. कोरड्या खपलीखाली त्यांना वाट खणीत जावे लागते.

आईला डुकरांची कथा सांगण्यात अर्थ नव्हता. मी तिला बटाट्याची सांगितली. मुंबईत डॉ. केसवानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५च्या सुमारास उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून, निर्जंतुक करून, भाजलेल्या जखमांवर वापरल्या. सालीत जंतू मारण्याचा गुण आढळला नाही; तिने नुसती ओल राखली, आणि तेवढ्याने कातडी लवकर आली. त्यासाठी ना परदेशी माल लागला, ना नवा कारखाना. जे उकिरड्यावर जावयाचे, तेच रोग्याच्या कामी आले.

"साल? ती तर मी आयुष्यभर म्हशीला घातली!" आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हे कुठल्या पोथीत होतं?"

"पोथीत नव्हतं. करून पाहिलं त्यांनी."

ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी पट्टीसाठी पाय आपणहून पुढे केला. जखम अजून पुरती भरलेली नाही. तिच्या कडा मात्र हळूहळू आत सरकत आहेत. आणि आमटीतील हळद आईने चिमूटभर वाढविली आहे. तेथे तिला कोणाचीच हरकत नाही.