आतली बाजू

गेल्या पावसाळ्यात, ज्या कॉलेजात माझ्या नोकरीची पहिली वर्षे गेली तेथून, प्राणिशास्त्र विभागातील जुनी कपाटे निर्लेखनासाठी काढली आहेत, आपणांस पाहावयाची असल्यास सत्वर यावे, असा निरोप आला आणि मी गेलो. कपाटाचे दार उघडताच डांबराच्या गोळ्यांच्या उग्र दर्पाखालून खवट चरबीचा दुसरा एक वास आला, आणि खालच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले बदक दृष्टीस पडण्यापूर्वीच ते तेथे असणार हे मी जाणले. तलवार बदकाचा नर होता. पाठीवरच्या करड्या नागमोडी रेषा अद्याप शाबूत होत्या, शेपटीची दोन लांब पिसेही होती. परंतु पोटाची मूळची शुभ्र पिसे गर्द पिवळी होऊन एकमेकांना चिकटली होती, आणि हातमोजे घालून मी ते उचलू गेलो तो छातीपाशी कातडे मोडून आतला तेलकट कापूस बाहेर आला. पाण्यावरच्या पक्ष्याची चरबी पुरती काढली नाही की पुढे असेच होते: ती हवेच्या संयोगाने आम्ल बनते, कातडे आतून जाळते, आणि पिसांच्या मुळांवाटे हळूहळू बाहेर झिरपते. हे काम मामांच्या हातचे नव्हे, एवढे मला तत्क्षणी कळले.

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा सर्वांत खालच्या ओळीत असे, आणि विभागात येणाऱ्या पाहुण्यांशी त्यांची ओळख करून देण्याचा शिरस्ता नव्हता. पक्ष्याचे कातडे काढण्याची विद्या त्यांनी कोठे संपादन केली हे त्यांनी मला कधी सांगितले नाही. सन १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अद्याप यावयाचा होता, हिवाळ्यात परवानाधारक शिकारी तलावावरून बदके घेऊन येत, आणि त्यांतले एखादे प्राध्यापकांच्या शब्दाखातर आमच्या संग्रहासाठी ठेवून जात. मग रात्री मागच्या ओट्यावर कंदील ठेवून, मांडीवर फळी घेऊन, मामा बसत. कातडे उलटे करून ते डाव्या हाताच्या बोटांवर ताणून धरीत, आणि घासून बोथट केलेल्या हॅकसॉच्या पात्याने पिसांच्या मुळांच्या दोन ओळींमधली चरबी शेपटीकडून मानेकडे सरकवीत नेत. शेपटीच्या बुडाशी असलेली तैलग्रंथी ते सर्वांत आधी कापून काढीत. मी नव्यानेच लागलेला प्रात्यक्षिक-शिक्षक; झोपेने डोळे जड झाले की म्हणे, "मामा, झालं असेल आता." ते पाते खाली ठेवीत, अंगठ्याचे पेर कातड्यावरून एकदा सावकाश फिरवीत, आणि माझ्याकडे न पाहता म्हणत, "अजून आहे, सर."

त्या अंगठ्याने माझी पाठ सोडलेली नाही. पुढे अनेक संग्रहालयांत मोठमोठ्या तज्ज्ञांनी केलेली कामे पाहिली, काचेचे डोळे, लाखेच्या रंगाच्या चोची, पंख उभारलेल्या ऐटदार मुद्रा पाहिल्या, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात प्रश्न येई तो एवढाच की हे कातडे आतून कसे आहे. मुद्रेवर आणि डोळ्यांवर सारी भिस्त ठेवून आतल्या बाजूची चालढकल करणाऱ्यांविषयी माझ्या मनात एक जुनी अढी आहे आणि ती मी कधी लपवलेली नाही. कपाटातले ते बदक वार्षिक तपासणीच्या तोंडावर कोणा घाईतल्या माणसाने भरले असणार, आणि तपासणीच्या दिवशी ते खचित फार सुंदर दिसले असणार.

निवृत्तीनंतर संधिवाताने माझी बोटे आखडू लागली, पात्याची पकड सुटू लागली, तेव्हा चरबी काढण्याच्या यंत्राचा विचार मनात आला. परदेशी अशी यंत्रे तयार मिळतात: मोटारीवर फिरणारे बारीक तारांचे चाक, दुसरे काही नाही. येथे ते घरीच बांधणे भाग होते. धार लावण्याचे जे ग्राइंडर दुकानात मिळते ते मिनिटाला सुमारे २८०० फेरे घेते, आणि त्या गतीपुढे बदकाचे ओले कातडे क्षणभरही टिकत नाही. पिसे दांड्याभोवती गुंडाळली जातात आणि कातडे हातातून हिसकले जाते. शिलाईयंत्राच्या मोटारीची गती पायाने कमीजास्त करता येते हे खरे, पण तिच्यात जोर नसतो, चरबीचा थर लागला की ती गुदमरते. म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारातून कपडे धुण्याच्या यंत्रातली पाव अश्वशक्तीची, १४४० फेऱ्यांची मोटर घेतली. विक्रेत्याने ती दोन उघड्या तारा लावून तेथेच फिरवून दाखवली. मोटारीवर दोन इंची पुली आणि चाकाच्या दांड्यावर चार इंची पुली बसवून मधून पट्टा घेतला, म्हणजे चाकाचे फेरे निम्मे, ७२०, झाले. दांडा लेथवाल्याकडून करून घेतला, दोन्ही टोकांना बेअरिंगे, खाली सागाची जाड फळी. सहा इंची चाकाची कड या गतीने मिनिटाला सुमारे ३४५ मीटर धावते, आणि हा वेग मला मानवला.

तारेचा ब्रश मात्र पुष्कळ हिंडून मिळवावा लागला. गंज काढण्यासाठी जो विकतात त्याच्या तारा जाड आणि ताठ. त्या कातडे फाडतात. बोहरी आळीत अखेर केसासारख्या बारीक, नागमोडी तारांचा ब्रश मिळाला, आणि त्याचीही टोके वाळूच्या दगडावर चाक फिरवून बोथट करून घेतली. पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा कापून चाकावर झाकण केले आणि समोर हाताच्या चार बोटांएवढीच खिडकी ठेवली. चाक असे फिरते की खिडकीपाशी त्याची कड वरून खाली जाते, म्हणजे निघालेली चरबी तोंडावर न उडता खालच्या परातीत पडते. चालू-बंद करण्याचे बटण पायाखाली, कारण दोन्ही हात कातड्यावर असावे लागतात आणि पीस अडकले तर पाय उचलण्याइतकाच अवकाश असतो. ज्यांना असे काही बांधावयाचे असेल त्यांना बजावून सांगतो की हात ओले, कातडे ओले आणि झाकण पत्र्याचे, तेव्हा मोटारीच्या अंगाला आणि डब्याला अर्थिंगची तार जोडल्यावाचून यंत्र सुरू करू नये.

आता रानातला मेलेला पक्षीदेखील सरकारची मालमत्ता असतो आणि परवानगीवाचून त्याला हात लावता येत नाही. हे योग्यच आहे. माझ्याकडे येतात ती पाळीव बदके, कोंबड्या, क्वचित कोणाच्या घरी वृद्ध होऊन मेलेला हंस. बदकाचे कातडे भांडी घासण्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, उलटे करून, बोटांवर ताणून खिडकीपाशी धरले की आरंभी चाकाचा आवाज जड आणि दबका येतो. पिसांची मुळे आतून तिरप्या ओळींनी वर आलेली असतात. तारा त्या ओळींच्या दिशेनेच जाऊ द्यावयाच्या, आडव्या गेल्या तर मुळे तुटून बाहेरची पिसे गळतात. हळूहळू पिवळा थर निघतो, कातडे निळसर पांढरे आणि अर्धपारदर्शक होते, आणि त्याच वेळी आवाज कोरडा, खरखरीत होतो. मानेपाशी आणि काखेत चाक नेऊ नये. तेथे अजूनही पातेच घ्यावे लागते. पुढे पुन्हा साबणाने धुणे, मक्याच्या पिठात आणि भुशात घोळून पाणी शोषून घेणे, टाकणखार चोळणे, ही कामे ठरलेली आहेत आणि त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही.

चरबीविषयी मात्र एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. उत्तरेकडून आलेली तलवार बदके फेब्रुवारी-मार्चमध्ये परत निघण्यापूर्वी भरपूर खातात आणि त्यांच्या कातड्याखाली जाड थर साठतो. मामा ज्या रात्री सर्वांत उशिरापर्यंत बसत त्या रात्री बहुधा हंगामाच्या अखेरच्या असत. तो थर म्हणजे हिमालय ओलांडून जाण्यासाठी बांधलेली शिदोरी होती, आणि ती खरवडून आम्ही परातीत टाकीत होतो. त्या काळी हे माझ्या मनाला शिवले नाही. आता पाळीव बदकाची आळसातली चरबी काढतानाही ते आठवते आणि हात क्षणभर थांबतो.

सोमलाविषयीही सांगावयास हवे, कारण कपाटातल्या त्या बदकाला मी हातमोजे घालून उचलले ते उगाच नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समधील मेट्झ येथे झां-बाप्तिस्त बेकोर नावाच्या औषधविक्रेत्याने सोमल, कापूर, साबण, चुना आदींचा एक लेप शोधून काढला, तो हयातभर गुप्त ठेवला, आणि १७७७ मध्ये तो वारल्यानंतर काही वर्षांनी कृती छापली गेली तेव्हापासून जवळजवळ दीडशे वर्षे जगभरच्या संग्रहालयांनी पक्षी त्या विषानेच राखले. सोमलाने कसर आणि भुंगे दूर राहतात, चरबीवर त्याचा काही इलाज चालत नाही. आणि विषावर हवाला ठेवून चरबीकडे दुर्लक्ष करण्याची सवय माझ्या मते तेथूनच जडली. जुन्या भरलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी कोणीही स्पर्श करू नये, मुलांनी तर कदापि नाही.

दुसरी हकीकत आपल्या खानदेशातली. काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये रानपिंगळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या दशकात जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने शहादे-तळोदे भागात आणखी काही नमुने मिळवले, शेवटचा १८८४ मध्ये. आणि पक्षी नाहीसा झाला. अपवाद एकच: कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌सहागेन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी येथे एक मिळवल्याचे त्यांच्या नमुन्यावरच्या चिठ्ठीत लिहिले होते, आणि शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर तिकडे जात. पुढे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला, क्ष-किरणांनी त्याचे अंतरंग पाहिले, तेव्हा ते कातडे एकदा भरलेले असताना उसवून पुन्हा भरल्याचे आणि मुळात ते डेव्हिडसनच्याच हातचे असल्याचे उघडकीस आले. ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला पक्षी, त्यावर खोटी चिठ्ठी! मांडवीचा तो पुरावा बाद ठरला, जुन्या खऱ्या ठिकाणांकडे लक्ष वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना शहाद्याजवळच्या रानात जिवंत रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला डेव्हिडसनपेक्षा मामा आठवले. टाके कसे घातले, कापूस कोठे किती भरला, हाडे कोठे तोडली, चरबी कोठवर काढली, यांत प्रत्येक माणसाची धाटणी असते, आणि ती चिठ्ठीपेक्षा अधिक सत्य बोलते. माझ्या यंत्राने ती धाटणी निम्मीशिम्मी पुसून टाकली आहे. आता एक विद्यार्थिनी माझ्याकडे शिकावयास येते. तिने आणि मी स्वच्छ केलेली दोन कातडी शेजारी ठेवली तर छाती-पोटाकडून मला ती वेगळी काढता येत नाहीत. मानेपाशी आणि काखेत, जेथे पाते चालते, तेथे येतात. यंत्र मी मोडणार नाही. ते चांगले काम करते आणि माझी बोटे आता पूर्वीसारखी होणार नाहीत. पण कातड्याच्या आतून जे आजवर आपोआप कळत असे ते यापुढे बाहेरून लिहून ठेवावे लागेल.

मामांनी केलेल्या पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या मी त्या दिवशी त्या कपाटात एकेक करून पाहिल्या. जात, नर की मादी, गाव, तारीख, आणि संग्राहक म्हणून शिकाऱ्याचे किंवा प्राध्यापकांचे नाव. मामांचे नाव एकीवरही नव्हते. जे पक्षी त्यांच्या हातचे आहेत याची आतून खातरजमा झाली त्यांच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मी विभागप्रमुखांच्या संमतीने ते पेन्सिलीने लिहून आलो. छापील लेखात ते नाव घालू नये अशी मामांच्या मुलांची इच्छा आहे, म्हणून येथे ते मामाच राहतील. कपाटे तूर्त निर्लेखनाच्या यादीतून वगळली गेली आहेत.

ज्यांच्या ताब्यात असे संग्रह आहेत, आणि जे आज नव्याने हे काम शिकत आहेत, त्यांना माझी विनंती आहे की चिठ्ठीवर संग्राहकाच्या नावाखाली कातडे साफ करणाऱ्याचेही नाव लिहावे, मग तो प्राध्यापक असो की परिचर. जागा पुरत नसेल तर चिठ्ठी मोठी कापावी.