जयपूरची रजई घेताना

दिवाळीचा फराळ संपत आला, की घरोघरी माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरतात. डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरतो आणि वर्षभर दडपून ठेवलेल्या रजया गॅलरीच्या कठड्यावर ऊन खात पडतात. त्यांतली एखादी उचलून उजेडात धरावी, तर कापूस सगळा कोपऱ्यांत गोळा झालेला आणि मध्ये नुसतं कापड! ‘यंदा नवी घ्यायलाच हवी,’ असं आपण म्हणतो. मग बाजारात जाऊन काय करतो? फुलं पाहतो, रंग पाहतो, पडद्यांशी जुळतो का ते पाहतो आणि घेऊन येतो. दोन हिवाळे गेले, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून मैत्रिणींनो, या थंडीत जयपूरला जाण्याचा योग आला, तर किल्ले नि महाल पाहाच, पण एक दिवस रजईसाठी राखून ठेवा. रजईच्या पोटात काय असतं आणि ते कसं भरतात, हे तिथं पाहायला मिळतं. ते एकदा समजलं, की मग आपल्या गावात साधी रजई घ्या, नाहीतर हल्ली ज्याला ड्युव्हे किंवा कम्फर्टर म्हणतात ते घ्या, पारख तीच.

मुंबईहून संध्याकाळच्या गाडीत बसलं, की दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूर येतं. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल, तर कोटा मागे पडेपर्यंत शाल हातापाशी असू द्या. तिथली थंडी कोरडी. दुपारी ऊन छान उबदार असतं, पण पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो. अशा ठिकाणच्या लोकांना रजईतलं कळणार नाही तर कुणाला?

सवाई जयसिंग महाराजांनी १७२७ साली हे शहर वसवलं ते रीतसर आखून. रस्ते सरळ, चौक रुंद, बाजार ओळीनं लागलेले. १८७६ मध्ये इंग्लंडचे युवराज येणार म्हणून शहराला गुलाबी रंग दिला, आणि तेव्हापासून ते ‘गुलाबी शहर’ झालं. २०१९ मध्ये युनेस्कोनं त्याची जागतिक वारशाच्या यादीत नोंद केली. १७९९ साली बांधलेल्या हवामहलासमोर उभं राहून त्याच्या ९५३ खिडक्या मोजायचा नाद मुलांना लावून द्या, आणि तुम्ही रस्त्याकडेच्या दुकानांकडे वळा. या रस्त्यावर, तसंच जोहरी बाजारात आणि बापू बाजारात रजयांच्या चळती दिसतील.

पायरीवर पाय ठेवायचा अवकाश, दुकानदार एक रजई हवेत उडवून तुमच्या पुढ्यात पसरतो. ‘बहनजी, हात लगाके देखिए, फूल जैसी!’ मग तीच रजई घडी घालून घालून हातभर पिशवीत कोंबून दाखवतो. आपण थक्क होतो. कापूस किती वेळा पिंजला, किती किलोंतून किती ग्रॅम उरला, याच्या मोठमोठ्या गोष्टी तो सांगतो. त्या हसून ऐका. आकड्यांवर जाऊ नका, आपल्या हातावर विश्वास ठेवा.

मात्र एक गोष्ट खरी आहे. जयपूरची नाव घेण्याजोगी रजई हलकी असते आणि तरीही उबदार असते. पाव किलो कापसाची ‘पाव रजई’ इथं मिळते. तुम्ही म्हणाल, ‘अहो, पाव किलोत ऊब कसली?’ इथंच आपली चूक होते. ऊब कापसात नसते. ती असते कापसाच्या तंतूंनी अडवून धरलेल्या हवेत. हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. आपल्या अंगाची उष्णताच ती धरून ठेवते. म्हणजे तंतू जितके मोकळे आणि सारखे पसरलेले, तितकी हवा जास्त आणि तितकी ऊब जास्त. कापूस दाबला गेला, गोळा झाला किंवा दमट झाला, की वजन तेवढंच राहतं, पण ऊब जाते.

हे आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी फार महत्त्वाचं आहे, बरं का! तीन-चार किलोंची रजई सासूबाईंच्या किंवा आईच्या अंगावर घातली, की आपल्याला वाटतं, केवढी काळजी घेतली! पण दुखऱ्या गुडघ्यांनी, थकलेल्या हातांनी कूस बदलताना ती पेलत नाही. रात्रीबेरात्री उठायचं, तर बाजूला सारता येत नाही. मग त्या ‘मला नाही गं थंडी वाजत’ म्हणतात आणि नुसती चादर घेऊन पाय पोटाशी ओढून झोपतात. भिडेपोटी बोलत नाहीत, एवढंच. हलकी रजई ही चैन नव्हे. काही घरांत ती गरज आहे.

ही ऊब तयार कशी होते, ते जयपूरला जमलं तर डोळ्यांनी पाहा. ओळखीच्या दुकानदाराला विचारलं, तर काहीजण कारखाना दाखवतात. आधी कापूस पिंजतात, कचरा आणि गुठळ्या काढतात. आपल्याकडे पूर्वी पिंजारी दारात येऊन धुनकीच्या तारेवर कापूस पिंजायचा, ते तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. इथं ते काम आता बरंचसं यंत्रावर होतं. पिंजलेला कापूस कापडावर पातळ थरांनी पसरतात आणि बारीक काठीनं हलके हलके मारत सगळीकडे सारखा करतात. मग त्यावर टाके घालतात, आणि हे काम बहुतेक बायकांचं. घरचं आवरून, पोराबाळांना सांभाळून, मांडीवर रजईचा काठ घेऊन त्या धावदोरा घालत असतात. ‘डोरे डालना’ म्हणतात तिकडे. एका रजईवर असे हजारो टाके पडतात. ते टाकेच कापसाला जागच्या जागी धरून ठेवतात. आपली रजई दोन वर्षांत कोपऱ्यांत का गोळा होते, याचं उत्तर इथं मिळतं. टाके विरळ, म्हणून कापूस सैरावैरा!

तेव्हा रजई निवडताना पारख अशी करा. आधी ती उजेडासमोर धरा. कुठं दाट, कुठं विरळ दिसता कामा नये. मग मुठीत दाबून सोडा. चांगला कापूस पटकन फुलून वर येतो, शिळा तसाच चेपून राहतो. बोटांनी चाचपून पाहा, गुठळ्या किंवा सरकीचा चुरा लागतो का ते. टाक्यांच्या दोन ओळींत चार बोटांहून जास्त अंतर नको. कापूस शुद्ध आहे की त्यात पॉलिएस्टर मिसळलंय, हे पाहायचं असेल, तर आतला चिमूटभर कापूस मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडीनं पेटवा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळतं, प्लॅस्टिकचा वास येतो आणि मागे कडक मणी उरतो. पॉलिएस्टर वाईटच असं मात्र नाही. ते लवकर वाळतं, मशीनमध्ये धुता येतं, म्हणून लहान मुलांच्या पलंगाला सोयीचं. पण सुती म्हणून सांगून सुतीच्या भावात ते गळ्यात मारू देऊ नका. मखमली रजई दिसते झोकदार, पण ती अंगावरून घसरते आणि धुण्याचे हाल. पाहुण्यांच्या खोलीत शोभेला ठेवायची असेल तरच घ्या.

आता रजई आणि ड्युव्हे यांत फरक काय, असं पुष्कळजणी विचारतात. ड्युव्हे हा फ्रेंच शब्द, अर्थ मऊ पिसं. युरोपात पांढऱ्या कापडाच्या पिशवीत बदकांची, हंसांची पिसं भरून ते करतात. आपल्याकडे बहुतेक पॉलिएस्टरचा कापूस भरलेला मिळतो. ते नेहमी वेगळ्या खोळीत घालून वापरायचं असतं. खोळ काढा, धुवा, पुन्हा चढवा. रजईचं वरचं छापील कापड मात्र तिला कायमचं शिवलेलं. ते मळलं, की अख्खी रजई धुवायची कुणी? आपणच! आणि कापसाची रजई वरचेवर पाण्यात घातली, की कापूस बसतो, म्हणजे ऊबही गेली. तेव्हा माझा सल्ला असा, की रजई जयपूरची घ्या आणि सवय ड्युव्हेची लावा. खोळ घातल्याशिवाय रजई पलंगावर टाकू नका.

खोळीच्या कापडासाठी जयपूरहून दोन वाटा फुटतात. सांगानेर शहराला लागूनच आहे. तिथं लांबच लांब मेजांवर पांढरं कापड ताणून लाकडी ठशांनी नाजूक फुलं छापतात. बगरू अजमेरच्या रस्त्यावर, साधारण तीस किलोमीटरवर. तिथं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. मग तुरटीतून लाल आणि जुनं लोखंड नि गूळ आंबवून काळा रंग साधतात. माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचं पीठ यांचा लगदा ठशानं लावून कापड निळीत बुडवायचं, म्हणजे झाकलेला भाग रंगत नाही. याला ‘दाबू’ म्हणतात. वेळ थोडा असेल, तर आमेरला जुन्या हवेलीतलं अनोखी संग्रहालय पाहा. ठशांची सगळी कला तिथं एका छपराखाली दिसते.

हातछपाई ओळखायची खूण म्हणजे जोडावर ठसा कुठंतरी केसभर हललेला असतो. अगदी तंतोतंत सारखं असेल, तर ते यंत्राचं समजावं. ओला पांढरा रुमाल कापडावर घासून रंग जातो का तेही पाहा. आणि खोळीला सुतीच कापड घ्या, गुळगुळीत चकचकीत नको.

माप दुकानदारावर सोडू नका, घरून घेऊन जा. पलंग सहा फूट रुंद असेल, तर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच लोंबायला हवेत. म्हणजे रजई ९० इंच रुंद आणि १०० इंच लांब. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटतं. ९० इंचांत तीन-चार इंच गेले, की खोळ चढायची नाही. म्हणून कापड आधी भिजवून वाळवा आणि मगच शिवा.

खोळीवर खर्च नको असेल, तर दोन जुन्या सुती सहावारी साड्या काढा. सहावारी म्हणजे २१६ इंच. मधोमध कापली, की १०८ इंचांचे दोन तुकडे. पन्हा ४५ इंचांच्या वर असेल ती निवडा. दोन तुकडे शेजारी जोडले, की एक बाजू झाली. दुसऱ्या साडीची दुसरी बाजू. लांबीत उरलेले आठ इंच तोंडाशी आत दुमडायला होतात. जुनी साडी आटायची ती आटून गेलेली असते, आणि अंगाला किती मऊ! तोंडाशी बटणं लावा. आतून चारी कोपऱ्यांना नाड्या आणि रजईच्या कोपऱ्यांना फासे शिवा. नाड्या बांधल्या, की रजई आत गोळा होत नाही.

घरी आणल्यावर निगा सोपी आहे. खोळ दर दोन आठवड्यांनी धुवा. घरात कुणाला दमा असेल, तर कडकडीत गरम पाण्यात, ६० अंशांचं पाणी असलं, की धुळीतले सूक्ष्म किडे मरतात. रजईला महिन्यातून एकदा ऊन दाखवा, म्हणजे दमटपणा जाऊन कापूस फुलतो. त्या पिशवीत कोंबून रजई गावी आणायला हरकत नाही, पण वर्षभर तशीच ठेवू नका. सैल घडी करून सुती चादरीत बांधा. आणि एक महत्त्वाचं, वर्षाच्या आतल्या बाळावर झोपताना रजई किंवा ड्युव्हे कधीही घालू नका. ती तोंडावर आली, तर बाळाला दूर सारता येत नाही. त्याला अंगभर उबदार कपडे पुरेत.

राहता राहिली घासाघीस. ती जयपूरला करावीच लागते आणि आपण त्यात कच्च्या नाही! पण दोन रजया समोर असतील, एक विरळ टाक्यांची स्वस्त आणि एक दाट टाक्यांची थोडी महाग, तर दुसरी घ्या आणि टाक्यांच्या मोलाला फार कात्री लावू नका. ते पैसे कुणाच्या तरी दुपारच्या मेहनतीचे आहेत, आणि तीच मेहनत पुढची कित्येक वर्षं तुमच्या घरातली ऊब जागच्या जागी धरून ठेवणार आहे.