बारोलोला ताट लागतं

रेड वाईन जितकी काळीकुट्ट तितकी दमदार, असा आपल्याकडे एक समज आहे. बारोलो हा समज पहिल्या फटक्यात मोडते. ग्लासात ओतली की रंग इतका फिका, की कुणीतरी पाणी घातलंय असं वाटावं. वास गुलाबाचा, आणि त्याच्यामागे चक्क डांबराचा! मग पहिला घोट घ्यायचा... आणि जीभ, हिरड्या, गाल सगळं एकदम कोरडं. खूप उकळलेला कोरा चहा आठवा, तसं तुरट.

ही वाईन येते इटलीच्या वायव्येकडच्या पिएमाँते प्रांतातून, आल्बा गावाजवळच्या लांगे टेकड्यांवरून. ११ गावांच्या हद्दीत पिकलेलं नेब्बिओलो नावाचं एकच द्राक्ष, दुसरं काही मिसळायचं नाही. 'नेब्बिया' म्हणजे धुकं. ऑक्टोबरात टेकड्यांवर धुकं उतरायला लागतं, तेव्हा कुठे हे द्राक्ष तोडणीला येतं. त्यानंतर किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडी पिंपात. रिझर्व्हा असेल तर ६२ महिने. तेवढ्यात आमच्याकडे प्रोजेक्ट सुरू होऊन, लांबून, गुंडाळलाही जातो :)

आता हा तुरटपणा कशाचा? द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, म्हणून तोंड खरखरीत होतं. पण तोंडात मटणाचा तुकडा किंवा चीज असेल, तर टॅनिनला चिकटायला दुसरं गिऱ्हाईक मिळतं. वाईन मऊ लागते आणि तिचा आंबटपणा तूप-लोण्याचा जडपणा कापतो. नुसती प्यायलात तर बग, जेवणासोबत फीचर!

म्हणून तिथली जोडीही तशीच. बीफचा मोठा तुकडा बारोलोतच मुरवून, मंद आचेवर तासन् तास शिजवलेला 'ब्राझातो'. भरपूर अंड्याच्या बलकात मळलेला, शेवयांसारखा बारीक 'ताजारिन' पास्ता, वर लोणी आणि हंगामात पांढऱ्या ट्रफलच्या चकत्या. मुरलेलं कास्तेलमान्यो चीज. शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये, लोणी-चीज घातलेला मश्रूमचा रिसोत्तो मस्त जमतो. फक्त तांबड्या रश्श्यासोबत उघडू नका. तिखट आणि टॅनिन एकमेकांना भडकवतात, वर साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल आहेच.

मी ऑनसाईट तुरीनला होतो तेव्हा एक गोष्ट रोज दिसायची. ताट समोर आल्याशिवाय तिथे कुणी बाटलीला हात लावायचं नाही. चार माणसं, एक बाटली, दोन तास. आपल्याकडे 'बसणं' म्हणजे आधी पिणं, जोडीला चकणा, आणि जेवण बारा वाजता, झालं तर झालं. माझा एक मामा बसला की जेवायचाच नाही. मामी ताट झाकून ठेवायची, आणि सकाळी ते तसंच असायचं. त्यामुळे आमच्या घरात बाटली म्हणजे न जेवलेलं ताट, असंच समीकरण होतं. आई अजूनही वाईनला दारूच म्हणते, आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. पण पिणं जेवणाच्या आत असू शकतं, त्याच्या बदल्यात नाही, हे मला तुरीनच्या त्या टेबलांवर पहिल्यांदा दिसलं.

असो. बारोलो स्वस्त नाही, तेव्हा सुरुवात 'लांगे नेब्बिओलो'पासून करा. द्राक्ष तेच, मुरवणं कमी, किंमतही कमी. बाटली तास-दोन तास आधी उघडून जगमध्ये ओतून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात वीसेक मिनिटं फ्रीजमध्येही ठेवा, कारण 'रूम टेंपरेचर' म्हणजे अठरा अंश, पुण्यातला मे महिना नव्हे. आणि स्वयंपाक झाला असेल तरच ओता.